नाव घेतलं, आता नाव लावा

डिसेंबरातली पहाट. इंदापूर तालुक्यातल्या सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस दवानं ओला झालेला असतो. तांबडं फुटायला अजून अवकाश असतो आणि फडात कोयत्याचे घाव सुरू झालेले असतात. नवरा वाकून बुडातून ऊस तोडतो आणि मागे टाकतो. बायको पाचट सोलते, वाढं उडवते, त्याच वाढ्याचा वेठ करून मोळी बांधते. दोघांत बोलणं फारसं होत नाही. त्याचा हात मंदावला की तिला न बघता कळतं, तिची पाठ भरून आली की त्याला कळतं. बांधाकडेला बैलगाडीच्या आडोशाला झोळी टांगलेली असते. झोळीतलं मूल रडलं की दोघांपैकी कुणीतरी उठतं. बहुतेक वेळा ती, एखाद्या वेळी तोही.

या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला किंवा एकटी बाई आली, तर तो ‘अर्धा कोयता’. उचल ठरते ती कोयत्यावर, टनाचा हिशेब होतो तो कोयत्याचा. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास निघालेली अशी हजारो जोडपी बारामती-इंदापुरात उतरतात. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या चिमण्या त्यांच्या हातांवर पेटतात.

लग्न झालेल्या दोन माणसांना एका अवजाराचं नाव देणारी ही बोली ऐकवत नाही. तरीही ती ज्या वस्तुस्थितीतून आली, ती नाकारता येत नाही. आपल्याकडचा संसार कायम दोघांच्या कष्टांवर उभा राहिला आहे. एक हात गळाला की दुसरा निम्मा होतो, हे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाला कळलं आहे. प्रश्न एवढाच आहे, की घराला, गावाला, कारखान्याला आणि तलाठ्याच्या दप्तराला ते अजून का कळलेलं नाही?

ठरवून झालेल्या लग्नात प्रेम असतं का, हा प्रश्न शहरात वाढलेल्या पिढीला हमखास पडतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अर्धा तास पाहिलेल्या माणसाशी जन्माची गाठ बांधायची आणि त्याला सहजीवन म्हणायचं, हे त्यांना पटत नाही. त्यांची शंका खोटी नाही. पण बारामती-इंदापूरच्या कुठल्याही वाडीवर साठी ओलांडलेल्या जोडप्याजवळ घटकाभर बसावं. ‘प्रेम’ हा शब्द तिथं कानावर पडणार नाही. ‘जीव लावला’ असं ऐकू येईल. ‘दोघांनी मिळून रेटलं’ असं ऐकू येईल. ‘तिच्याबिगर माझं पान हलत नाही’ असं म्हातारा म्हणेल आणि म्हातारी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघेल. हे प्रेम आहे. ते लग्नाच्या आधी आलेलं नाही, लग्नाच्या मागून आलं. पाळीच्या पाण्याला रात्री दोघांनी मिळून जागताना आलं, पहिल्या पोराच्या आजारपणात आलं, कर्जाचा हप्ता थकला तेव्हा तिनं न बोलता डोरलं काढून दिलं, त्या दिवशी आलं.

हे प्रेम आपल्याकडे उघड बोलून दाखवण्याची रीत नव्हती. तो ‘अहो’ किंवा ‘धनी’, ती ‘कारभारीण’ किंवा ‘अमक्याची आई’. एकमेकांचं नाव उच्चारायचं नाही. नाव घ्यायला एकच जागा मोकळी ठेवलेली, ती उखाण्याची. लग्नात, उंबरठ्यावरचं माप ओलांडताना, डोहाळजेवणात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका हटून बसतात, ‘नाव घे.’ मग ती लाजत, यमक जुळवत चारचौघांत त्याचं नाव घेते. त्या ओळीत मायेइतकाच हक्कही असतो. ज्याचं नाव एरवी जिभेवर आणायला बंदी, तो माणूस माझा आहे, हे ती साऱ्या गावासमोर सांगते. शतकानुशतकं बायकांनी नवऱ्याचं नाव असं जपून घेतलं. त्याच्या दप्तरात तिचं नाव मात्र क्वचितच लागलं.

ही गोष्ट फक्त आपली नाही. चीनमध्ये जुन्या घराण्यांच्या वंशावळींत सुनांची नावंच लिहीत नसत. ‘अमक्या कुळातली’ म्हणून माहेरचं आडनाव तेवढं नोंदायचे. ज्या देशात बाईची ओळख इतकी पुसट होती, तिथल्याच एका साध्या कारकुनानं आपल्या बायकोचं नाव कायमचं लिहून ठेवलं. त्याचं नाव शेन फू. सुझौ शहरात १७६३ साली जन्मलेला. मामेबहीण युन हिच्याशी त्याची सोयरीक दोघं तेरा वर्षांची असताना ठरली आणि १७८० साली लग्न झालं. थोरामोठ्यांनी ठरवलेलं, रीतीप्रमाणे झालेलं लग्न. पुढे त्यानं ‘तरंगत्या आयुष्याच्या सहा नोंदी’ अशा अर्थाचं आत्मकथन लिहिलं. त्यातल्या चारच नोंदी आज हाती आहेत, पण त्यांच्या बळावर युन चिनी वाचकांच्या मनात घर करून आहे.

त्यातले प्रसंग साधे आहेत. लग्नाआधी एका रात्री तो भुकेला असतो, तर हिनं आपल्या खोलीत त्याच्यासाठी ऊन पेज आणि लोणचं झाकून ठेवलेलं असतं. तिच्या चुलतभावाला ते दिसतं आणि घरभर चेष्टा होते. संध्याकाळी कमळं मिटताना ती रेशमाच्या छोट्या पिशवीत चहाची पत्ती बांधून फुलात ठेवते आणि सकाळी कमळ उमललं की काढून तिचा चहा करते. देवळातली दिव्यांची आरास पाहायला बायकांनी जायचं नाही, म्हणून ती नवऱ्याचे कपडे घालून त्याच्या बरोबर जाते. सुरुवातीला हे दोघं चारचौघांत शेजारी बसायलाही संकोचत, पुढे जोडीनं चालू-बसू लागले, असं शेन फू लिहितो. सासू-सासऱ्यांना ही सून खुपू लागली. गैरसमज वाढले, जोडप्याला घराबाहेर काढलं गेलं आणि १८०३ साली युन दारिद्र्यात गेली.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोची जवळीक हीच मोठी भानगड ठरते, हे रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली आलेल्या पुस्तकात किती निरागसपणे नोंदवलं आहे. १८७३ साली लग्न झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती रानडे एकतीस वर्षांचे. त्यांना विधवेशी लग्न करायचं होतं, वडिलांनी घाईनं या लहान मुलीशी लावून दिलं. सुरुवात अशी विषम. पण रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि या शिकण्यापायी रमाबाईंनी घरातल्या बायकांचे टोमणे वर्षानुवर्षं सोसले. त्या सोसण्यातून पुढे पुण्याचं सेवासदन उभं राहिलं.

त्याच १८७३ सालच्या डिसेंबरात, २५ तारखेला, पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजीवाचून लागणाऱ्या अशा लग्नांसाठी जोतीराव फुल्यांनी नवी मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि वर ते हक्क देण्याची शपथ घेतो. लग्न हा दोघांमधला करार आहे आणि त्यात बाईनंही बोलायचं, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वी या मुलखातल्या माणसानं मांडली आणि स्वतः जगून दाखवली. सावित्रीबाई माहेरी नायगावला असताना किंवा १८७७च्या दुष्काळात ओतूर-जुन्नरच्या बाजूला काम करत असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत कामाचा अहवाल आहे, गावातल्या माणसांच्या भांडणाची हकीकत आहे, पुढे काय करायचं याचा विचार आहे. नवरा-बायकोची ही पत्रं दोन सहकाऱ्यांची पत्रं आहेत आणि म्हणूनच त्यांत जिव्हाळा ओतप्रोत आहे.

चीन आणि महाराष्ट्र यांच्यातलं एक लग्न तर इंदापूरच्या अगदी शेजारचं आहे. भीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा. त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथल्या युद्धभूमीवरच्या रुग्णालयात परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. एका वर्षाचा संसार. त्या संसारात दोघं एकाच रुग्णालयात राबत होते आणि मुलाच्या नावात आईची आणि बापाची भूमी त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली.

आता पुन्हा बारामतीकडे. काटेवाडीचं एक जोडपं साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते त्यांच्या मुलामुळे, शरद पवारांमुळे, पण त्यांच्या संसाराकडे स्वतंत्रपणे पाहायला हवं. गोविंदराव पवार बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्री संघात काम करत. शारदाबाई अकरा मुलांचा संसार आणि शेतीचा कारभार सांभाळत आणि त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडूनही गेल्या. १९४० सालच्या डिसेंबरात तीन दिवसांचं बाळ बरोबर घेऊन त्या पुण्याला बोर्डाच्या बैठकीला हजर राहिल्या, ही आठवण शरद पवारांनी जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. ओल्या बाळंतिणीनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा काळ तो. त्या काळात ती बाई तालुका सोडून बैठकीला जाते, याचा अर्थ घरातल्या पुरुषानं वाट अडवलेली नाही. शेतीचा कारभार बायकोकडे असण्यात गोविंदरावांना कमीपणा वाटलेला दिसत नाही. त्या काळच्या काटेवाडीत सहजीवन याहून वेगळं काय असणार होतं?

आषाढाच्या तोंडावर याच काटेवाडीत तुकोबांची पालखी येते. तिच्यासाठी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटीला नीरेचं स्नान. या वाटेवर जोडप्यांकडे बघावं. एरवी गावात चार पावलं मागं चालणारी बाई इथं नवऱ्याच्या बरोबरीनं चालते. डोक्यावर तुळस तिच्या, गळ्यात टाळ त्याच्या. मुक्कामाला पाय धुवायला तो पाणी आणतो, तिच्या टाचेच्या भेगेला तेल चोळतो, कुणी बघून हसत नाही. वारीत दोघंही ‘माऊली’. नातं बदलत नाही, हाक बदलते आणि हाक बदलली की वागणं बदलतं.

पंढरीत पोचल्यावर दिसतं, की रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या देवळापासून वेगळं आहे. लोक त्याचं कारण सांगतात, की ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिच्या शोधात मागून आला. बायको रुसली तर देवालाही द्वारका सोडून यावं लागतं, असं मानणारा हा समाज आहे. आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेला रांगेतल्या एका जोडप्याला ‘मानाचे वारकरी’ म्हणून मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभं करतात. नवऱ्याला एकट्याला नाही, दोघांना. देवापुढे जे मान्य आहे, ते दप्तरात मान्य करायला आपण कचरतो. दुखणं इथं आहे.

कारण हे सहजीवन ज्याच्यावर उभं आहे, त्या कष्टांची किंमत एकाच्याच नावावर जमा होते. ऊसतोडीचंच पाहा. उचल सहसा नवऱ्याच्या हातात, मुकादमाशी बोलणी त्याची, हिशेबही त्याच्याशीच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगलं झालं. पण ती वाढ कोयत्याची. कोयत्यातल्या बाईच्या खात्यावर वेगळं काही पडत नाही. दिवसभर तिनं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आल्यावर चूल पेटवायची, रात्री ट्रॅक्टर आला की पुन्हा भरायला उठायचं. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या आकड्यातल्या एकेका बाईचा नवरा तिच्यावर जीव लावणारा असेलही. त्याच्या जीव लावण्यानं तिचं गर्भाशय वाचलं नाही, कारण तिच्या दुखण्याला हिशेबात जागाच नव्हती.

जोडीशिवाय उचल कमी मिळते म्हणून पोराचं लग्न घाईनं उरकायचं आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला फडात आणायचं, हेही याच व्यवस्थेचं फळ आहे. अशा लग्नात प्रेम उगवायला मुलीला श्वास घेण्याइतकी तरी फुरसत मिळायला हवी. ठरवून झालेल्या लग्नाची बाजू घेणाऱ्यानं हे झाकून ठेवू नये. बळजोरीनं जुंपलेल्या जोडीला सहजीवन म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे.

बागायतदाराच्या घरात चित्र वेगळं, पण मूळ तेच. ऊस लावताना बेणं तोडायला, खुरपायला, खत टाकायला, जनावरांचं शेणपाणी करायला घरची बाई. दुधाची धार तिची, डेअरीचं खातं त्याचं. ऊस दोघांचा, कारखान्याचा शेअर त्याचा, उसाचं बिल त्याच्या खात्यावर, कारखान्याच्या निवडणुकीत मत त्याचं. सातबाऱ्यावर आजा, बाप, चुलते, भाऊ. तिचं नाव बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूनंतर लागतं, वारस नोंदीत, पोरांच्या नावांबरोबर. चाळीस वर्षं त्या रानात घाम गाळलेल्या बाईला त्या रानाच्या कागदावर यायला कुंकू पुसावं लागतं. याहून कडवट काय असेल?

हे सगळं घरातली पोरगी बघत असते. माळेगावजवळ शारदानगरला शारदाबाई पवारांच्याच नावाचं महिला महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांतून बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली शिकून बाहेर पडत आहेत. त्यांना स्थळ सांगून येतं आणि त्या म्हणतात, शेतकरी नवरा नको. बाप कपाळाला हात लावतो. दहा एकर बागायत, बंगला, ट्रॅक्टर, आणि तरी मुलाला मुलगी मिळत नाही, असं प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोकांनी त्यावर मनसोक्त विनोद केले. पण ती वेदना खरी होती.

त्या वेदनेची दोन कारणं उघड आहेत. पहिलं, आपण मुली जन्मूच दिल्या नाहीत. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. त्यांतली २००१च्या जनगणनेतली मुलं आज बोहल्यावर चढायच्या वयाची झाली आहेत. गेलेल्या मुली आता कुठून आणायच्या? दुसरं कारण शेतीच्या बेभरवशाचं. भाव नाही, पाऊस नाही, कर्ज आहे.

तिसऱ्या कारणाकडे मात्र कुणी बघत नाही. शेतकरी नवरा नको म्हणणारी मुलगी शेतीला नाही म्हणत नाही, आईच्या आयुष्याला नाही म्हणते आहे. पहाटे चारला उठून रात्री अकराला आडवी होणारी, औषधाला पाचशे रुपये हवे असले तरी हात पसरणारी, सगळं करून ‘ही काय करते? घरीच असते’ असं पाहुण्यांना सांगितलं जाणारी आई. नोकरदाराच्या घरातही कष्ट आहेत, हे मुलींना माहीत आहे. पण तिथं निदान महिन्याचा पगार दिसतो आणि दोघांच्या नावावर फ्लॅट निघतो. शेतकऱ्याच्या घरात तिला काय दिसतं? जीव लावणारा बाप असेल, पण त्या जिवाचा एकही कागद नाही.

कागदानं प्रेम येतं का, असा सवाल इथं कुणीही करेल. येत नाही. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलेला नवरा दारू पिऊन मारणारा असू शकतो आणि भूमिहीन मजूर बायकोला फुलासारखा जपणारा असू शकतो. पण जिथं प्रेम आहे, तिथं कागदाला भिण्याचं कारण काय? ‘उद्या सोडून गेली तर?’ असं विचारणारा नवरा तीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोला परकी समजतो, हे त्याच्याच तोंडून बाहेर पडतं. आणि तो अचानक गेला, तर हीच नोंद तिला दिरा-जावांच्या दारात उभं राहण्यापासून वाचवते. नवऱ्यामागे आपल्याच रानाच्या बांधावर परकी ठरलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या नवऱ्यांचा त्यांच्यावर जीव नव्हता असं नाही. त्यांनी उद्यावर ढकललं, आणि उद्या आलाच नाही.

वाट नवी शोधायची नाही. शेतकरी संघटनेनं १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. त्यातून पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली. शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली, की ते गाव लक्ष्मी मुक्तीचं गाव. घरच्या लक्ष्मीचं देणं फेडल्याशिवाय शेतकऱ्याला सरकारकडे आपलं देणं मागण्याचा अधिकार कसला, असा त्यामागचा विचार होता आणि शेकडो शेतकऱ्यांनी तो मनावर घेतला. १९९२ साली शासनानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला, तर त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. १९९४ साली बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याचं महिला धोरण आलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं केला. केंद्राला ते करायला २००५ उजाडलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, अशी सरकारी नोंद सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी महिलांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. वाट रुंद झाली आहे, चालणारे कमी आहेत.

म्हणून बारामती-इंदापूरनं पुढाकार घ्यावा. सहकाराचा पाया इथं घट्ट आहे, कारखाने आहेत, दूधसंघ आहेत, बँका आहेत. कारखान्यांनी तोडणीचे करार करताना नवरा आणि बायको दोघांची नावं आणि दोघांची सही घ्यावी, तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यावर टाकावी, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या रजेला खाडा लावू नये. सभासदत्वाचा शेअर जोडीच्या नावावर करायची सोय द्यावी. दूधसंस्थेनं धार काढणारीच्या नावानं खातं उघडावं. ग्रामपंचायतींनी घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावण्याचा ठराव करावा आणि तो नुसता कागदावर न ठेवता वर्षभरात पुरा करावा. मुलींना शेतकरी नवरा हवासा वाटावा, अशी इच्छा असलेल्या प्रत्येक गावानं आधी आपल्या सुनांची नावं मोजावीत.

आणि घरोघरच्या नवऱ्यांना एक विनंती. लग्नात तिनं चारचौघांत तुमचं नाव घेतलं होतं, आठवत असेल. आता पाळी तुमची आहे. येत्या आठवड्यात तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे जा, लक्ष्मी मुक्तीचा अर्ज द्या. जाताना तिला बरोबर घ्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा तिच्या हातात द्या आणि त्यावरचं तिचं नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवा.